ज्योतीविना जळणारा वायू : सूक्ष्म बर्नरची पार्श्वभूमी

मे १८१२ मध्ये इंग्लंडमधल्या फेलिंगच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि ९२ जणांचा जीव गेला. अशा खाणींत साचणारा मिथेन उघड्या दिव्यावर पेट घेई. त्यावर उपाय शोधताना १८१५ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या लक्षात आलं की अरुंद नळीतून ज्योत पुढे सरकत नाही. धातू तिची उष्णता ओढून घेतो. म्हणून त्याने दिव्याभोवती चौरस इंचात ७८४ छिद्रं असलेली तारेची जाळी बसवली.

खाणीत जे वरदान ठरलं, तेच छोटा बर्नर बनवणाऱ्याच्या मुळावर येतं. नेहमीच्या दाबाला सुमारे २ मिलिमीटरहून अरुंद फटीत मिथेनची ज्योत तगत नाही. बर्नर लहान करत गेलं की उष्णता देणारं आकारमान झपाट्याने घटतं. ती शोषणाऱ्या भिंती मात्र त्या मानाने कमी घटतात.

गंमत म्हणजे यावरचा तोडगाही डेव्हीच्याच हाती लागला होता. कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात त्याने प्लॅटिनमची बारीक तापलेली तार धरली. ज्योत कुठेच नाही, पण तार लालबुंद. वायू संपेपर्यंत ती तशीच राहिली. तांबं, चांदी, लोखंड वापरून पाहिलं, पण काही घडलं नाही. पॅलेडियमने मात्र साथ दिली. १८१७ मध्ये त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

१८२३ मध्ये जर्मनीतल्या येनाच्या डोबराइनर या रसायनशास्त्रज्ञाने प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर हायड्रोजन सोडला आणि तो थंडच असताना पेटला. त्यावरून निघालेले लायटर काडेपेटी रुळण्याआधी घरोघर गेले. प्लॅटिनमसारखा पदार्थ स्वतः न संपता अभिक्रिया घडवून आणतो, त्याला उत्प्रेरक म्हणतात. या क्रियेला 'कॅटॅलिसिस' हे नाव स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने दिलं ते नंतर, १८३५ मध्ये. विसाव्या शतकात जपानमध्ये याच तत्त्वावर बेंझिन या पेट्रोलसारख्या हलक्या इंधनावरची खिशातली हातशेकणी आली.

१९७०च्या दशकात लंडनच्या फेलिक्स वाइनबर्ग यांनी बर्नरला बाकरवडीसारखी गुंडाळी दिली: बाहेर जाणारा गरम वायू शेजारून आत येणाऱ्या थंड वायूला तापवतो. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने बटणाएवढ्या टर्बाइनचं काम हाती घेतलं, कारण इंधनात वजनाच्या मानाने बॅटरीच्या कितीतरी पट ऊर्जा असते. तिथून प्लॅटिनमचा लेप दिलेल्या सूक्ष्म बर्नरवरचं संशोधन वाढलं.

अडचणी आहेतच. हायड्रोजन प्लॅटिनमवर थंडच असताना पेटतो, तसे ब्युटेन, मिथेन पेटत नाहीत. उत्प्रेरक आधी तापवावा लागतो. शिवाय गंधक त्याच्या पृष्ठभागावर चिकटून तो निकामी करतं, आणि गळती कळावी म्हणून आपल्या सिलिंडरमध्ये मिसळलेलं मर्कॅप्टन हे गंधकाचंच संयुग आहे.