बाबा, तू का रडतोयस?

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्यात कोथरूडच्या किंवा सातारा रोडच्या थिएटरात ॲनिमेशनपटाचा दुपारचा शो बघा. मुलं खिदळत असतात आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारचे बाबा चष्मा काढून डोळे पुसत असतात. मग अंधारातून प्रश्न येतो, "बाबा, तू का रडतोयस?" बहुतेक बाबा "काही नाही रे, डोळ्यात काहीतरी गेलं" म्हणून वेळ मारून नेतात. मला वाटतं, या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला हवं, आणि विज्ञानाकडे त्याचं बरंचसं उत्तर आहे.

असे सिनेमे मोठ्यांनाही का आवडतात, यावर नेहमी सांगितलं जातं की लेखक मधे मधे मोठ्यांसाठी विनोद पेरून ठेवतात. पेरतात हे खरं. पण विनोदाने डोळ्यांत पाणी येत नाही. पाणी येतं ते ज्या प्रसंगात मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी वेगळं असं काहीच ठेवलेलं नसतं, तिथे. प्रसंग एकच असतो, पण तो सहा वर्षांच्या आणि चाळीस वर्षांच्या मेंदूत वेगवेगळा उमटतो.

आधी दोघांत सारखं काय आहे ते पाहू. लॉ कॉलेज रोडवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे १९३३ पासून प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता. 'संत तुकाराम'सारखे चित्रपट करणाऱ्या या कंपनीने तीसच्या दशकात 'जंबूकाका' हे कोल्ह्याचं कार्टूनही केलं होतं. सिनेमात सेकंदाला चोवीस फ्रेम जातात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बरेचदा एकच चित्र दोन फ्रेमना वापरतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर कोल्हा जिवंत होतो, कारण जीव ओतण्याचं काम बघणाऱ्याचा मेंदू करतो.

फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली हे फार सुंदर दाखवून दिलं. त्यांनी एक छोटी ॲनिमेशन फिल्म केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारा एक आयत, एवढंच होतं. ती ३४ जणांना दाखवून काय घडलं ते लिहायला सांगितलं. भूमितीच्या भाषेत लिहिणारी व्यक्ती निघाली फक्त एक. बाकीच्यांना त्या आकारांत दादागिरी दिसली, घाबरणं दिसलं, पाठलाग आणि सुटका दिसली. चेहरा नाही, डोळे नाहीत, संवाद नाही, तरी गोष्ट तयार झाली. ही ओढ किती लवकर सुरू होते याचाही पुरावा आहे. सांध्यांच्या जागचे ठिपके तेवढे दिसतील अशी चालत्या कोंबडीची फिल्म दोन दिवसांच्या बाळांना दाखवली, तेव्हा अस्ताव्यस्त हलणाऱ्या ठिपक्यांपेक्षा बाळं तिच्याकडे जास्त वेळ बघत राहिली. कोंबडी त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती!

म्हणजे पडद्यावरच्या रेषेत जीव दिसणं हे आजी आणि नातवाला सारखंच जमतं. फरक पडतो तो पुढे.

लेकीची पाठवणी आठवा. आईबाबा हसतही असतात आणि रडतही असतात, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. पण लग्नाला आलेलं पाच वर्षांचं पोर गोंधळून विचारतं, "ताई खूश आहे ना, मग सगळे रडतात का?" हा प्रश्न त्याच्या वयाला अगदी साजेसा आहे. एकाच गोष्टीबद्दल एकाच वेळी दोन विरुद्ध भावना असू शकतात, हे मुलांना टप्प्याटप्प्याने कळत जातं. सुझन हार्टर यांच्या ऐंशीच्या दशकातल्या अभ्यासांत ही समज पूर्ण यायला साधारण दहा-अकरा वर्षांचं वय उजाडत होतं. २००७ मध्ये जेफ लार्सन आणि सहकाऱ्यांनी तर प्रयोगासाठी ॲनिमेशनपटच वापरला. 'द लिटल मर्मेड'मधला बापलेकीच्या निरोपाचा प्रसंग त्यांनी ५ ते १२ वर्षांच्या मुलांना दाखवला आणि स्वतःला काय वाटलं ते विचारलं. आनंद आणि दुःख दोन्ही वाटल्याचं मोठ्या मुलांनी जास्त प्रमाणात सांगितलं. लहान मुलं बहुधा एकाच भावनेवर थांबली.

हे वाचल्यावर २०१५ चा 'इनसाइड आउट' हा ॲनिमेशनपट मला पुन्हा बघावासा वाटला. त्यातली रायली नेमकी अकरा वर्षांची आहे. तिच्या डोक्यात आनंद, दुःख, राग, भीती आणि किळस अशी पाच पात्रं राहतात, आणि आनंदाचा सगळा आटापिटा दुःखाला बाजूला ठेवण्यासाठी चाललेला असतो. शेवटी रायली आईबाबांच्या कुशीत रडते, तेव्हा आनंदाचा पिवळा आणि दुःखाचा निळा रंग एकत्र असलेली पहिली आठवण तयार होते. सहा वर्षांच्या मुलाला दिसतं की रायली घरी परत आली, चला, सुटलो. मोठ्यांना दिसतं एक मूल बालपणाच्या पहिल्या खोलीतून बाहेर पडताना. या चित्रपटासाठी पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर या भावनांच्या अभ्यासकांचा सल्ला घेतला होता, आणि तो जाणवतो.

सगळंच शास्त्राला धरून आहे असं मात्र नाही. आठवणी डोक्यात गोट्यांसारख्या मांडून ठेवलेल्या नसतात. मुळात भावना अशा पाच-सहा ठरावीक जातींच्या असतात का, यावरही वाद आहे. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट यांच्या मते मेंदू दर वेळी भावना नव्याने घडवतो. पण एक गोष्ट चित्रपटाने अचूक पकडली आहे. दुःखाने हात लावला की जुनी आनंदी आठवण निळी होते. २००० साली उंदरांवर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं की भीतीची पक्की झालेली आठवण जागी केली की काही काळ ती पुन्हा कच्ची होते आणि मेंदूला ती नव्याने साठवावी लागते. आठवण काढणं म्हणजे तिच्यात फेरफाराला वाव देणं.

आणि मग बिंग बाँग. रायलीचा तीन वर्षांच्या वयातला काल्पनिक मित्र, अर्धा हत्ती, अंग बुढ्ढी के बालचं. तो विस्मृतीच्या दरीत विरून जातो तेव्हा मुलांचा एक गमत्या हत्ती जातो. वाईट त्यांनाही वाटतं. मोठ्यांचं मात्र त्याच्याबरोबर बरंच काही जातं. आपल्यातल्या बहुतेकांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्याआधीचं कोरं. हे कधी पुसलं जातं, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाउअर आणि लार्किना यांच्या अभ्यासात दिसतं. तीन वर्षांच्या मुलांनी सांगितलेल्या प्रसंगांबद्दल त्यांना पुढे वेगवेगळ्या वयात विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सुमारे ३५ टक्के. त्याच वर्षी टोरांटोच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागात, भराभर तयार होणाऱ्या नव्या पेशी जुन्या आठवणी विस्कटतात. वाढणारा मेंदू वाढता वाढता विसरतो.

म्हणजे थिएटरात शेजारी बसलेल्या सात वर्षांच्या लेकीचा बिंग बाँग त्या वर्षीच विरत असतो. तिला ते ठाऊक नसतं, आईबाबांना असतं. तिने तीन वर्षांची असताना सारसबागेत हट्टाने केलेली गंमत आता फक्त त्यांच्याकडेच उरणार असते. डोळे पुसणारा बाबा याचसाठी रडतो, असं मला मनापासून वाटतं.

बाबाचं हे रडणं मुलांच्या नजरेतून सुटत नाही. एक वर्षाची बाळंही संभ्रमात पडली की आधी आईचा चेहरा वाचतात. १९८५ च्या प्रसिद्ध प्रयोगात काचेखाली खोल भासणाऱ्या पायरीपाशी बाळं थबकली. समोर आईचा चेहरा हसरा होता तेव्हा १९ पैकी १४ बाळं पलीकडे गेली. चेहरा घाबरलेला होता तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. घरी मोबाइलवर एकट्याने बघितलेल्या कार्टूनमध्ये वाचायला हा चेहराच नसतो. मुलांना थिएटरात न्या, आणि शेजारी बसून आपणही खरोखर सिनेमा बघा, असं मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी.

सिनेमा सुटल्यावर पार्किंगमध्ये "मजा आली का?" एवढंच विचारलं तर "हो" येतं आणि विषय संपतो. "हत्ती खाली राहिला तेव्हा तुला काय वाटलं? मला तुझी जुनी बाहुली आठवली, तिचं नाव काय होतं?" असं विचारलं तर गोष्ट सुरू होते. झालेल्या गोष्टींबद्दल तपशिलात, मोकळे प्रश्न विचारत बोलणाऱ्या पालकांच्या मुलांच्या आठवणी जास्त भरीव असतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. न्यूझीलंडमध्ये प्रौढांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली, तेव्हा माओरी या तिथल्या मूळ रहिवाशांची आठवण सरासरीने पावणेतीन वर्षांच्या आसपासची निघाली, इतरांपेक्षा लवकरची. माओरी घरांत भूतकाळाबद्दल, जन्माच्या आणि पूर्वजांच्या गोष्टींबद्दल मुलांशी भरपूर बोललं जातं, आणि संशोधकांनी या फरकाचा संबंध त्या बोलण्याशीच जोडला आहे.