रस्ता त्यांचा, पाइप आपला: मेन लाईन आणि घरची लाईन यातला घोळ

गेटच्या बाहेर जे काय आहे ते सगळं महापालिकेचं, असं आपल्या सोलापुरात निम्म्या लोकांना वाटतं. मलापण वाटायचं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या नळाला करंगळीएवढीच धार यायला लागली, मी तावातावानं तक्रार टाकून आलो, माणूस आला, त्यानं आधी शेजारचा नळ सोडून बघितला तर तिथं धो धो पाणी, मग म्हणाला, काका मेन लाईन ओके आहे, तुमचा पाइप गंजलाय, प्लंबर बघा. मी म्हटलं अहो पण पाइप तर रस्त्याखाली हाय की! तर म्हणे रस्ता आमचा, पाइप तुमचा.

चिडलो होतो, पण त्याचं बरोबर होतं. गल्लीतनं जाणारी, सगळ्या घरांना पाणी देणारी ती मेन लाईन, ती पालिकेची. तिला भोक पाडून फेरूल, म्हणजे घरचा पाइप जोडायचा छोटा तुकडा, बसवतात आणि तिथनं तुमच्या नळापर्यंत जो अर्धा-पाऊण इंची पाइप येतो तो तुमच्या कनेक्शनचा, मग तो रस्त्याखालनं येऊदे नाहीतर फरशीखालनं. बदलायचा खर्च आपला, रस्ता खोदायची परवानगी आपणच काढायची, खड्डा बुजवायचे पैसेपण आपणच भरायचे. फेरूलला मात्र स्वतः हात लावायचा नाही, लायसन्सवाला प्लंबरच लागतो.

ड्रेनेजचं तसंच, फक्त उलट्या दिशेनं. संडास-बाथरूमपासून चेंबर, आणि चेंबरपासून रस्त्यातल्या मेन ड्रेनेजला जिथं जोड मिळतो तिथपर्यंत आपलं, पुढं पालिकेचं.

बिघाड कुणाचा हे ओळखायची रीत मात्र दोन्हीकडं वेगळी. पाण्यात शेजाऱ्याला विचारायचं. सगळ्या गल्लीला पाणी नाही तर मेन लाईन, तुम्हालाच नाही तर तुमची. ड्रेनेजमध्ये शेजाऱ्याला विचारून भागत नाही, कारण तो वरच्या अंगाला राहत असेल तर मेन तुंबली तरी त्याला पत्ताच नसतो. तिथं रस्त्यातलं मॅनहोल बघावं लागतं, ते भरून वाहतंय तर तक्रार टाका, ते वाहत नाही आणि तुमचं चेंबर भरलंय तर बहुतेक चोकअप तुमच्याच पाइपात. मॅनहोलचं झाकण आपण उघडायचं नाही हां, आत गॅस असतो. आणि कुणाला पैसे देऊन आत उतरवणं तर नाहीच नाही, 2013 च्या कायद्यानं त्याला बंदी आहे. मशीन मागवा.

पाइप खराब का होतो, तर एक म्हणजे आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, त्या ओढाताणीत जुन्या चिनीमातीच्या ड्रेनेज पाइपांचे जॉइंट सुटतात आणि दारातल्या कडुनिंबाच्या मुळ्या बरोब्बर तिथंच घुसतात. दुसरं म्हणजे उतार. चार इंची पाइपाला चाळीस फुटाला एक फूट उतार पाहिजे, गवंडी मात्र अंदाजपंचे टाकून मोकळा. आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेलं असतं बऱ्याच जणांनी, पहिल्या मोठ्या पावसात घाण उलटी बाथरूममध्ये येते मग बोंबलत बसायचं.

सगळ्यात वाईट म्हणजे पाण्याची आणि ड्रेनेजची लाईन एकमेकींना भेटतात तेव्हा. उजनीचं पाणी आपल्याला काय रोज येत नाही, मधले दिवस नळाची लाईन रिकामी पडून असते, तिला बारीक भोक असलं आणि शेजारी ड्रेनेज झिरपत असलं की ते पाणी आत शिरतं, आणि पाणी सुटल्यावर पहिली बादली वास मारती. त्यात डायरेक्ट नळाला मोटर लावली असली तर ती ओढूनच घेते. लोक म्हणतात घाण पाणी सोडलं, अहो कधीकधी घाण आपल्याच दारात मिसळलेली असते! शंका असेल तर चेंबरमध्ये भरपूर नीळ ओता, नळाला निळसर पाणी आलं तर विषयच संपला. नाही आलं तरी लाईन चांगली आहे असं समजू नका, भोक बारीक असलं तर रंग दिसत नाही.

वाड्यातली गोष्ट अजून अवघड. पाच बिऱ्हाडं, एकच सामाईक ड्रेनेज, आणि तुंबलं की भाडेकरू मालकाकडं बोट दाखवतो, मालक पुण्यात. शेवटी ज्याच्या उंबऱ्यात पाणी येतं तोच वर्गणी काढत फिरतो.

आम्ही जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप काढून प्लास्टिकचा पाइप टाकला. खड्डा बुजवायच्या आधी टेप लावून फोटो काढून ठेवले, भिंतीपासून किती फूट, किती खोल, ड्रेनेज कुठनं गेलंय, सगळं. प्लंबर हसत होता.