कोबॉटचा पैसा सांध्यात मुरतो

परवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात मित्राच्या शेडमध्ये चहा पीत बसलो होतो, त्यानं मोबाईलवर कोबॉटचा (माणसाच्या शेजारी, पिंजऱ्याशिवाय काम करणाऱ्या रोबोटचा) व्हिडिओ दाखवला, माणूस मधे हात घालतो आणि रोबोट जागच्या जागी थांबतो. म्हणाला, "भावा, एक सेन्सर बसवला की झालं की, ह्याला एवढं फंडिंग कशाला लागतंय?"

गोची त्या "एक सेन्सर"मध्येच आहे.

कोबॉटच्या सांध्यात मोटर आणि गिअरबॉक्स असतो, बहुतेकदा हार्मोनिक ड्राइव्ह. लय भारी चीज! बाहेर जाड रिंग, आतून समजा 202 दात. तिच्यात पातळ पोलादी कप, त्याला बाहेरून 200. कपाच्या पोटात लंबगोल कॅम फिरतो आणि कपाला दोन बाजूंनी ताणून रिंगच्या दातात बसवतो. कॅमच्या एका फेऱ्यात कप फक्त दोन दात मागं सरकतो, म्हणजे मोटर 100 वेळा फिरली की सांधा एकदा. बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) जवळपास नाही, पण घर्षण भरपूर. आता रोबोटच्या हाताला कुणी आडवं आलं की मोटरचा करंट वाढतो, त्यावरून टक्कर ओळखता येते, पण शिरोलीच्या फाउंड्रीत थंडीत पहाटे ग्रीस घट्ट आणि दुपारी पातळ, मग करंट वाढला तो माणसामुळं का ग्रीसमुळं? म्हणून काही कंपन्या सांध्यातच स्ट्रेन गेज (ताणली की रेझिस्टन्स बदलणारी पातळ पट्टी) चिकटवतात. धातू हजारात एक भाग ताणला तर गेजचा रेझिस्टन्स हजारात साधारण दोन भाग बदलतो, बास एवढाच. चार गेज व्हीटस्टन ब्रिजमध्ये (होय, बारावीच्या प्रॅक्टिकलला छळलेला तोच) जोडले की तापमानाचा परिणाम बराचसा कटतो. गेजनं मोजलेल्या टॉर्कमधून (पिळाच्या जोरातून) हाताचं वजन आणि वेग धरून काढलेला टॉर्क वजा करायचा, उरला तो धक्का.

हे एकदा जमणं वेगळं आणि प्रत्येक पीसला, वर्षभर जमणं वेगळं. कोबॉटच्या सुरक्षेसाठीच्या 2016 च्या आयएसओ टीएस 15066 मध्ये माणसाच्या शरीराच्या 29 जागांवर किती जोर चालेल याच्या मर्यादा दिल्यात, दाबल्या गेलेल्या हाताला 140 न्यूटन, चेहऱ्याला 65. ते मोजून दाखवण्यातच छोट्या कंपनीचे महिने जातात. 2021 ला सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात प्रोटोटाइपला 20 लाखांपर्यंत अनुदानाची सोय होती, सुरुवातीला ठीक आहे, पण पुढं गुंतवणूकदार येतो आणि विचारतो, "ह्यात एआय कुठाय?" मग पैसा डेमोत जातो. अमेरिकेतल्या रिथिंक रोबोटिक्सला तर गुंतवणूक चिक्कार मिळाली होती, त्यांच्या बॅक्स्टरच्या सांध्यात स्प्रिंगा होत्या, त्यानं हात मऊ झाला पण नेमकेपणा गेला, 2018 ला कंपनी बंद.

आणि खंडेनवमीला मशीनला हार घाला, माझी ना नाही, पण लिंबू-मिरची बांधून न्यूटन कमी होत नाहीत.

मित्र म्हणाला, "म्हणजे पिंजरा नको ना?" म्हटलं, हाताच्या टोकाला काय धरवणार? तो म्हणाला, बर (धातूच्या कडेला उरलेली कुसळं) काढायचं पातं. अरे, मग कसला कोबॉट, त्याला जाळी लागणारच.