पेन ड्राइव्हमधलं काही बदललं नाही, हे कशावरून?

“कागद पोलिसांचा, पेन पोलिसांचं आणि पंचही पोलिसांचेच.” मराठवाड्यातल्या कुठल्याही चहाच्या हॉटेलात पंचनाम्याचा विषय काढा, कोणी ना कोणी हे बोलतोच. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. तेव्हापासून या तक्रारीला शेपूट फुटलंय: “शूटिंग करतात म्हणे, पण तो मोबाइलबी त्यांचाच ना!”

शंका रास्त आहे. जालन्याने तर तिची सख्खी बहीण थेट सर्वोच्च न्यायालयात नेली होती. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीला आव्हान दिलं. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल झाला, असा गोरंट्याल यांचा दावा. निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण होतं, त्याच्या सीडीही मिळाल्या. घोडं अडलं ते प्रमाणपत्रावर. ही प्रत मूळ चित्रीकरणाचीच आहे, असं लिहून द्यायला अधिकारी तयार होईनात. तरीही मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इतर पुराव्याचाही आधार घेत २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्याच निकालाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच, हेही पक्कं केलं.

पण प्रमाणपत्र म्हणजे अखेर माणसाचा शब्द. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या नमुन्यात या शब्दाशेजारी एक आकडाही लिहावा लागतो. त्याला हॅश म्हणतात. बातम्यांत त्याचा उल्लेख ‘डिजिटल सील’ एवढाच येतो आणि विषय संपतो. माझ्या मते या सगळ्या कायद्यातली सर्वांत देखणी गोष्ट तीच आहे.

पूर्वापार पद्धत लाखेच्या सीलची. वस्तू कापडात शिवायची, लाख ओतायची, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावायची. पुडकं उघडलं गेलं नाही, इतकं ते सील सांगतं. आतल्या फाइलचं ते काही सांगू शकत नाही. हॅश फाइलमधूनच काढला जातो. सध्या सर्वाधिक चालणारी पद्धत ‘एसएचए-२५६’. फाइल एका ओळीची असो वा दोन तासांच्या व्हिडिओची, उत्तर नेहमी २५६ बिटांचं, म्हणजे शून्य आणि एक असे २५६ अंक. कागदावर ते ६४ अक्षर-आकड्यांत मावतं.

ते निघतं कसं? फाइलचे ५१२ बिटांचे तुकडे पाडतात. हाताशी ३२ बिटांच्या आठ संख्या असतात. प्रत्येक तुकडा या आठ संख्यांमध्ये ६४ फेऱ्यांनी कालवला जातो. फेरीत काही संख्यांचे बिट गोल फिरवायचे (एकीचे ६, ११ आणि २५ घरं, दुसरीचे २, १३ आणि २२), फिरवलेल्या रूपांची बिटागणिक तुलना करायची, तीन संख्यांमध्ये प्रत्येक जागी जे जास्त वेळा आलंय ते ठेवायचं (या क्रियेचं नावच ‘बहुमत’), मग बेरीज करायची आणि ३२ बिटांबाहेर सांडलेला हातचा सोडून द्यायचा. शंभर एमबीच्या व्हिडिओत असे साडेपंधरा लाखांवर तुकडे पडतात. म्हणजे फेऱ्या झाल्या दहा कोटी, आणि साधा संगणक ते काम काही क्षणांत उरकतो. ज्वारीचं पीठ पाहून कणीस कसं होतं ते सांगता येत नाही, तसं हॅशवरून फाइल परत बनवता येत नाही. व्हिडिओतला एक बिट बदला, २५६ पैकी साधारण निम्मे बिट उलटेपालटे होतात. थोडा फरक, थोडा बदल असा हिशेबच इथे नाही.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. सुरुवातीच्या त्या आठ संख्या कुठून आल्या? ही पद्धत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे हेरगिरीच ज्यांचा धंदा आहे अशा लोकांनी बनवली. त्यांनी मनाने आकडे निवडले असते, तर आत चोरवाट ठेवली असेल असा संशय जन्मभर राहिला असता. म्हणून त्यांनी पहिल्या आठ मूळ संख्यांची वर्गमुळं घेतली. २ चं वर्गमूळ १.४१४२१३५६... यातला दशांश चिन्हापुढचा भाग २ च्या ३२ व्या घाताने गुणा आणि पूर्णांक ठेवा: १,७७,९०,३३,७०३. ही झाली पहिली संख्या. अंबाजोगाईतला दहावीचा पोरगाही ती पडताळू शकतो. फेऱ्यांमधले ६४ स्थिरांकही असेच, पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांतून. बनवणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरजच पडू नये, अशी ही रचना आहे. आपल्या पंचनाम्यांत याच्या निम्मा उघडेपणा आला तरी पुष्कळ.

सगळेच हॅश सारखे पक्के नसतात. ‘एमडी५’ पद्धतीत एकच हॅश देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली २००४ मध्येच बनवून दाखवल्या गेल्या, ‘एसएचए-१’ मध्ये २०१७ साली. तरी कायद्याच्या नमुन्यात या दोन्हींचे रकाने आहेत. बचाव असा की, दोन्ही फाइली स्वतःच बनवून जुळवणं शक्य झालंय. आधीच हॅश घेतलेल्या दुसऱ्याच्या फाइलीला जुळी शोधणं अजून कोणाला जमलेलं नाही. खरं आहे. पण चांगलं कुलूप हाताशी असताना पिचकं का लावावं?

खरी गोम वेळेची आहे. हॅश घेतला त्या क्षणापासून पुढची हमी मिळते, मागची नाही. पेन ड्राइव्ह सोमवारी जप्त झाला आणि हॅश गुरुवारी ठाण्यात घेतला, तर मधल्या तीन दिवसांबद्दल गणित गप्प. जप्त मोबाइल ‘जरा बघू काय आहे’ म्हणून चालू केला, तरी आत नोंदी बदलतात. हार्ड डिस्क तपासताना राइट ब्लॉकर, म्हणजे वाचू देणारं पण लिहू न देणारं यंत्र, जोडायचं असतं ते म्हणूनच. व्यावसायिक पोलीस आणि नुसता वर्दीतला माणूस यांतला फरक मला इथे दिसतो. व्यावसायिक पोलीस जागेवरच, पंचांसमोर हॅश काढतो आणि वेळेसकट पंचनाम्यात लिहितो. चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवा, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ सांगतंच.

पुरावा असा पडताळता येत असतानाही आपल्याकडे चोरी झाली की काही जण देवऋषीकडे जाऊन वाटी फिरवून घेतात, संशयितांना मंतरलेले तांदूळ चावायला देतात. भीतीने तोंडाला कोरड पडते आणि तांदूळ गिळवत नाहीत. ती कोरड निर्दोष माणसालाही पडते. टीव्हीवर ‘नार्को (औषधाच्या गुंगीत प्रश्न विचारायची चाचणी) करा, सत्य बाहेर येईल’ म्हणून ओरडणारे सुशिक्षित फार वेगळं बोलत नसतात. संमतीशिवाय नार्को चाचणी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय.

हॅश पडताळायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. विंडोजच्या संगणकात ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा आधीपासून असते. फाइल हुबेहूब तीच असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत आणि भोकरदनच्या सायबर कॅफेत येणारा आकडा एकच. फाइलचं नाव बदललं तरी तो बदलत नाही. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ मात्र वाटेत दाबून लहान केला जातो. चित्र तेच दिसतं, आकडा साफ वेगळा येतो. तुम्हीच काही चित्रित केलं असेल तर ज्या फोनवर केलं त्यातली मूळ फाइल पुसू नका, आणि तपास अधिकाऱ्याला फॉरवर्ड नको, तीच द्या.