ससा घरात की गॅलरीत? कानांना विचारा

परवा भर दुपारी आमच्याच इमारतीत एक पिंजरा दिसला. गॅलरीवर सिमेंटचा पत्रा, खाली पिंजरा आणि त्यात एक पांढरा ससा, पोट जमिनीला टेकवून पसरलेला. राहवेना म्हणून विचारलं, तर काका हसले. "अहो, रानातला प्राणी तो! घरात कोंडला तर आजारी पडेल."

पण कुठल्या रानातला? घोटाळा आपल्या भाषेचा आहे. माळावर पायाखालून उडून पळतो तोही ससा आणि पिंजऱ्यातलाही ससाच. माळावरचा बीळ खणत नाही, झुडपाखाली दबून बसतो; त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. (त्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे तो पाळायचा प्रश्नच नाही.) पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, पक्के बीळकरी. त्यांची पिल्लं बिनकेसांची आणि आंधळी जन्मतात. माळावरच्याची गुणसूत्रं ४८, पाळीव सशाची ४४. दोघांचा संकरही होत नाही.

स्पेनच्या दक्षिणेतही उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पण जमिनीखाली मीटरभर गेलं की दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक जवळजवळ उरत नाही. ससा दुपार तिथे काढतो आणि चरायला पहाटे-संध्याकाळी वर येतो. म्हणजे रानातला ससासुद्धा दुपारी 'घरात'च असतो!

याचं कारण त्याच्या कानात आहे, आणि इथे मला थोडं रेंगाळायचंय. सशाला घाम जवळजवळ येत नाही. कुत्र्यासारखं जीभ काढून धापा टाकणंही त्याला नीट जमत नाही, कारण तो नाकानंच श्वास घेतो. तोंड उघडून श्वास घेणारा ससा दिसला, तर तडक पशुवैद्य गाठावा. उष्णता बाहेर टाकायला उरतात मुख्यतः कान. कानाच्या मधोमध रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणारी), कडेनं नीला (रक्त परत नेणारी) आणि दोघींमध्ये केसासारख्या बारीक केशवाहिन्यांना वळसा घालणारे थेट जोडरस्ते. शरीर तापलं की हे जोडरस्ते उघडतात, गरम रक्त कानात धो धो येतं आणि गार होऊन परततं. थंडीत ते मिटतात आणि कान गारढोण पडतात.

पण उष्णता वाहते ती तापमानांतल्या फरकामुळे. रक्त ३९ अंश धरा. हवा २० असेल तर फरक १९ अंशांचा, मजेत चाललंय. हवा ३० झाली की फरक ९. आणि ३८ अंशांना उरतो १! नागपूरच्या ४४ अंशांत तर गणित उलटतं, कानातूनच उष्णता आत शिरू लागते.

त्यात वरचा पत्रा. तापलेली वस्तू हवेला न विचारता प्रारणानं उष्णता फेकते आणि ती निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या केल्विनच्या, चौथ्या घातानं वाढते. ३९ अंशांचा कान, म्हणजे ३१२ केल्विन, दर चौरस मीटरला साधारण ५४० वॉट बाहेर टाकेल. ६० अंशांचा पत्रा, म्हणजे ३३३ केल्विन, साधारण ७०० वॉट खाली ओतेल. हिशेब सशाच्या विरुद्ध १६० वॉटचा. पिंजरा सावलीत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सावली कशाची, हे महत्त्वाचं.

 

तर, पंधरा ते वीस अंश सशाला सुखाचे आणि तिशीपुढे धोका. आपल्याकडे बाहेरचा पिंजरा हिवाळ्यापुरता ठीक, तोही मांजर आणि मुंगूस यांपासून सुरक्षित असेल तर. मांजरानं नुसतं जाळीबाहेर बसून टक लावली, तरी भीतीनं सशाच्या आतड्यांची हालचाल मंदावू शकते. पावसाळ्यात आणखी एक संकट: ओल्या, मळलेल्या केसांत माश्या अंडी घालतात.

उन्हाळ्यात घरातली सर्वांत गार फरशी त्याला द्या. बाटलीत पाणी गोठवून ती फडक्यात गुंडाळून ठेवा. तो आपणहून टेकून बसेल. ओलं गोणपाट विदर्भात कामी येतं. कोकणच्या दमट हवेत पाणी वाळतच नाही, तिथे पंखा आणि गार फरशी यांवरच भिस्त.

मग वायरी आवरा. सशाचे पुढचे दात जन्मभर वाढतात, वर्षाला दहा सेंटिमीटरच्या आसपास. मोबाइलचा चार्जर त्याला चघळायला आणलेली काडीच वाटतो. काकांचा ससा आता हॉलमध्ये आहे, आणि त्यांचा दुसरा चार्जर परवाच गेला.