पेट्रोल गळतीनंतर भूजलाची देखरेख आणि शुद्धीकरण : पंपचालक आणि विहीरमालकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे मुख्यत्वे दोन प्रकारचे ग्राहक येतात. एक म्हणजे ज्यांच्या टाकीतला साठा हिशोबाशी जुळत नाही असे पंपचालक, आणि दुसरे म्हणजे ज्यांच्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला आहे असे आसपासचे रहिवासी व शेतकरी. काम किती दिवसांत संपेल, हा दोघांचाही पहिला प्रश्न असतो. आम्ही तारीख न सांगता ऋतूंचा हिशोब का मांडतो, हे स्पष्ट करण्यासाठी हे पत्रक आहे.

आधी सुरक्षितता

वास येणाऱ्या विहिरीवरची मोटर चालू करू नये, विहिरीत कोणालाही उतरवू नये आणि जवळपास विडी-काडी पेटवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती विहिरीत, तळघरात आणि गटाराच्या चेंबरमध्ये साचून राहते, आणि हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ टक्के झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. असे पाणी उकळून वापरणे हा उपाय नव्हे, कारण उकळताना पेट्रोलमधला बेन्झिन हा विषारी घटक पाण्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत येते. घरगुती शुद्धीकरण यंत्रावरही विसंबू नये. पिण्यासाठी दुसऱ्या स्रोताची सोय करावी. पंपचालकांनी संशय येताच संबंधित टाकीची विक्री थांबवून तेल कंपनीला लेखी कळवावे आणि पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना माहिती देण्याबाबत कंपनीशी त्याच दिवशी बोलून घ्यावे. टाकी व पाइपची दाबचाचणी होऊन गळती बंद झाल्याची खात्री पटेपर्यंत शुद्धीकरणावर खर्च करू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला असतो.

पेट्रोल जमिनीखाली कुठे जाते

गळलेले पेट्रोल मुरमातून खाली उतरते आणि पाण्याहून हलके असल्यामुळे भूजलाच्या पातळीवर थांबून आडवे पसरू लागते. आपल्या काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखे नसते. ते मुरमात, सांध्यांत आणि भेगांत असते, त्यामुळे पंपाला लागून असलेली विहीर निर्धोक आणि लांबची विहीर बाधित, असेही घडू शकते. पावसाळ्यात पातळी कित्येक मीटर वर चढते तेव्हा भेगांत चिकटलेले पेट्रोल पाण्याखाली अडकते आणि विहिरीवरचा तवंग पातळ होतो किंवा पूर्ण नाहीसा होतो. हिवाळा सरून पातळी उतरू लागली की तेच पेट्रोल सुटे होऊन पुन्हा विहिरीत उतरते. सप्टेंबरातली स्वच्छ विहीर पाहून काम थांबवले आणि एप्रिलमध्ये तवंग परत दिसला, ही या व्यवसायातली नेहमीची तक्रार आहे. त्यातही जिथे लाल मातकट थराने पाणी दाबून धरलेले असते, तिथे पातळी चढताना विहिरीतला थर उलट जाड होऊ शकतो. म्हणून केवळ थराच्या जाडीवरून खाली किती लिटर पेट्रोल आहे याचा अंदाज आम्ही देत नाही.

तवंग नसला तरी विरघळलेला भाग राहतोच. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेन्झिन आकारमानाने जास्तीत जास्त १ टक्का असते, तरीही अशा पेट्रोलला लागून असलेल्या पाण्यात ते प्रति लिटर २० मिलिग्रॅमच्या आसपास उतरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा मात्र प्रति लिटर ०.०१ मिलिग्रॅम आहे. बेन्झिनमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे, आणि त्याचा स्वतःचा वास पाण्यात या मर्यादेच्या कितीतरी पट प्रमाण झाल्याशिवाय जाणवत नाही. वास गेला, या आधारावर आम्ही कोणतीही विहीर पिण्यायोग्य ठरवत नाही.

निरीक्षण विहिरी आणि नमुने

भूजलाच्या प्रवाहाची दिशा काढण्यासाठी किमान तीन निरीक्षण विहिरी, म्हणजे पातळी मोजण्यासाठी आणि नमुने घेण्यासाठी खास खोदलेल्या विहिरी, लागतात. भेगाळ खडकात तेवढ्याने बहुधा भागत नाही. त्यांतला जाळीदार पाइप उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या आणि पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या पातळीला व्यापेल असा बसवावा लागतो. नेहमीच्या बोअरमध्ये वरच्या मऊ थराला अखंड केसिंग (माती ढासळू नये म्हणून घातलेला बिनछिद्री पाइप) असते, त्यामुळे वर तरंगणारे पेट्रोल आत शिरतच नाही आणि जुन्या बोअरचा चांगला अहवाल दिशाभूल करणारा ठरू शकतो. नवी विहीर खोदण्याचा खर्च ग्राहकांना नको असतो, हे आम्ही जाणतो; पण या एका बाबतीत काटकसर महागात पडते.

पाणी हळू उपसून तापमान, आम्लता आणि विरघळलेला प्राणवायू स्थिर झाल्यावरच नमुना घेतला जातो. तो ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता भरून, बर्फाच्या पेटीतून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतात. बादलीने काढून प्लॅस्टिकच्या बाटलीत भरलेल्या पाण्यातले बेन्झिन वाटेतच उडून जाते, आणि अहवाल खोटा न लिहिताही खोटा ठरतो.

शुद्धीकरण

आधी तवंग उपसणाऱ्या पंपाने किंवा निर्वात यंत्राने सुटे पेट्रोल काढले जाते. नंतर मुरमातली वाफ ओढून घेणे, तसेच पाणी उपसून त्यातून हवा सोडणे व ते सक्रिय कोळशातून गाळणे, हे उपाय केले जातात. उपसलेले पाणी प्रक्रिया व तपासणीशिवाय नाल्यात सोडता येत नाही, आणि वापरलेला कोळसा घातक कचरा म्हणून अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. पाण्याखाली हवा सोडण्याची पद्धत मुरमात चांगली चालते. कातळात मात्र हवा एखादी मोठी भेग धरून निघून जाते, म्हणून चाचणी घेतल्याशिवाय आम्ही ती सुचवत नाही.

उरलेले काम जमिनीतले जीवाणू करतात, पण सावकाश. १ मिलिग्रॅम पेट्रोल पचवायला साधारण ३ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो आणि आपल्या हवामानात १ लिटर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जीवाणू आधी तेच खातात, प्राणवायू संपतो आणि बेन्झिन अधिक लांबवर पोचू शकते.

पंप थांबवल्यावर भेगांतले प्रदूषण पुन्हा पाण्यात उतरून आकडे वाढू शकतात. त्यामुळे यंत्रे बंद केल्यानंतरही आम्ही किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा नमुने घेतो, आणि तीन महिन्यांत हमखास सफाईची हमी देत नाही.

पहिल्या भेटीपूर्वी पंपचालकांनी टाक्या व पाइपांचा नकाशा, डिपच्या (टाकीतला साठा पट्टीने मोजल्याच्या) नोंदी आणि दुरुस्तीच्या पावत्या काढून ठेवाव्यात. विहीरमालकांनी विहिरीची किंवा बोअरची खोली, मोटर किती तास चालते आणि वास पहिल्यांदा कोणत्या महिन्यात आला, हे लिहून ठेवावे. केसिंग किती फूट टाकले हे अनेकदा फक्त बोअर मारणाऱ्यालाच आठवते. त्याला आधीच विचारून ठेवावे.