भेदभावविषयक तडजोडीतील वकील फीची करवजावट

अमेरिकेच्या संघीय प्राप्तिकर कायद्यातील एक सवलत. वंश, लिंग, वय, धर्म वा अपंगत्व यांवरून झालेल्या भेदभावाविरुद्ध नोकरदाराने मालकावर दावा लावून तडजोडीने किंवा निकालाने रक्कम मिळवली, तर त्यासाठी वकिलाला दिलेली फी त्याला सकल उत्पन्नातून थेट वजा करता येते. मुळात ही रक्कम बहुधा करपात्रच असते, कारण १९९६ च्या दुरुस्तीनंतर नुकसानभरपाईवरील करमाफी मुख्यतः शारीरिक इजा व आजार यांपुरती उरली.

वकिलाच्या वाट्याला जाणारा हिस्सा नोकरदाराचे उत्पन्न ठरतो काय, यावर न्यायालयांत दीर्घकाळ मतभेद होते. कॉटनम खटल्यात (१९५९) पाचव्या सर्किटच्या (संघीय अपील न्यायालयांच्या एका प्रादेशिक विभागाच्या) अपील न्यायालयाने, अलाबामाच्या कायद्याने वकिलाला दाव्यातच हक्क मिळतो या आधारावर, तो हिस्सा उत्पन्नातून वगळला. इतर अनेक सर्किट न्यायालयांनी मात्र हे मत नाकारले. अखेर कमिशनर (संघीय महसूल खात्याचे प्रमुख) विरुद्ध बँक्स (२००५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, दावा ही पक्षकाराची मालमत्ता असून वकील हा त्याचा केवळ प्रतिनिधी होय, असे मानून संपूर्ण रक्कम पक्षकाराच्या उत्पन्नात धरली. दावा लावणारे नोकरदार बँक्स यांच्या ४,६४,००० डॉलरच्या तडजोडीतील १,५०,००० डॉलर वकिलाला गेले होते. लुकस विरुद्ध अर्ल (१९३०) पासूनच्या उत्पन्न-हस्तांतरणाच्या तत्त्वाशी (उत्पन्न दुसऱ्याच्या नावे केले तरी कर ते कमावणाऱ्यावरच लागतो) हे मत अधिक सुसंगत वाटते. तथापि कायद्यानेच प्रतिपक्षावर लादलेल्या वकील फीचा प्रश्न न्यायालयाने अनिर्णित ठेवला.

या भूमिकेचा भार पक्षकारावर अन्यायकारकपणे पडत असे. फीची वजावट समायोजित उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवरील रकमेपुरतीच मिळे आणि पर्यायी किमान कराच्या (अनेक वजावटी न मानता वेगळ्या हिशेबाने काढल्या जाणाऱ्या किमान कराच्या) आकारणीत तीही नाकारली जाई; त्यामुळे हाती न आलेल्या पैशावर कर भरावा लागे. २२ ऑक्टोबर २००४ च्या अमेरिकन जॉब्स क्रिएशन अ‍ॅक्टने वर सांगितलेली थेट वजावट देऊन हा दोष पुष्कळसा दूर केला, पण पूर्वलक्षी प्रभावाने नव्हे. म्हणून बँक्स यांना त्याचा लाभ झाला नाही. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ६२ (ई) मधील ‘बेकायदा भेदभावा’ची व्याख्या नावापेक्षा बरीच व्यापक असून वेतनाचे दावे आणि सूडबुद्धीने केलेली बडतर्फी यांनाही ती लागू पडते.

वजावट त्या दाव्यापोटी त्याच करवर्षी उत्पन्नात धरलेल्या रकमेहून अधिक नसते. परिणामी, रक्कम मिळण्यापूर्वीच्या वर्षांत तासाच्या दराने भरलेली फी या सवलतीबाहेर राहते, आणि दोन टक्क्यांच्या मर्यादेतील किरकोळ वजावटी २०१८ पासून स्थगित व २०२५ मध्ये कायमच्या रद्द झाल्याने तो मार्गही बंद आहे.

लैंगिक छळाच्या गोपनीय तडजोडींवर २०१७ च्या कायद्याने घातलेली वजावटबंदी (अशी तडजोड व तिची वकील फी मालकाला व्यवसायखर्च म्हणून वजा करता येत नाही) छळ सोसलेल्या व्यक्तीच्या वकील फीला लागू नाही, असे महसूल खात्याने स्पष्ट केले आहे.